गावची कोठडी जपायची कशाला?

इंग्लंडमधल्या सॉमरसेट काउंटीत कॅसल कॅरी नावाचं एक लहान गाव आहे. तिथे भर वस्तीत दगडाची एक गोल इमारत उभी आहे. व्यास सात फूट, उंची दहा फूट, वर दगडाचाच घुमट. खिडकी नाही, हवा यावी म्हणून लोखंडी जाळीचे दोन झरोके आणि एक दार, बस्स. ही गावची जुनी कोठडी. १७७९ साली ती बांधायला २३ पौंड खर्च आला. ते पैसे आले कुठून? गावातल्या गोरगरिबांसाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका दात्याने ठेवलेल्या निधीतून. गरिबांच्या नावावरच्या पैशातून गावाने कोठडी बांधली, आणि पुढे तिच्यात डांबले गेले तेही बहुतेक गरीबच.

ही इमारत आज कायद्याने संरक्षित आहे आणि ती असायलाच हवी. पण ती लोकांना का आवडते आणि ती का टिकायला हवी, या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. लोकांना ती गोंडस वाटते. माझं म्हणणं असं की माणसाला कोंडण्याचा अधिकार गावपातळीवर प्रत्यक्ष कसा वापरला जायचा, त्या अधिकाराचं दार किती रुंद होतं, आत उजेड किती येत होता, हे सांगणारा याहून खात्रीचा पुरावा दुसरा नाही. म्हणून ती टिकवायची. आणि हाच निकष आपल्याकडच्या जुन्या चावड्यांना लावला, तर आपण वर्षानुवर्षं काय पाडत आलो आहोत याचा हिशेब द्यावा लागेल.

आधी या कोठड्या कशा आल्या ते पाहू. इंग्लंडमध्ये आज ज्या उरल्या आहेत त्या बहुतेक अठराव्या शतकातल्या आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतल्या. तेव्हा खेड्यात पगारी पोलीस नव्हता. चर्चच्या हद्दीप्रमाणे आखलेला जो गावगाडा, म्हणजे पॅरिश, त्यातलाच एखादा शेतकरी किंवा कारागीर वर्षभरासाठी कॉन्स्टेबल नेमला जाई. पगार नाही, गणवेश नाही, आपला धंदा सांभाळून हे काम करायचं. दारू पिऊन धिंगाणा घालणारा, जमीनदाराच्या रानात चोरून ससा मारणारा, आपण कुठले हे नीट सांगू न शकणारा भटक्या, असा कुणी हाती लागला की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करेपर्यंत ठेवायचं कुठे, हा प्रश्न या बिनपगारी माणसापुढे असे. मग स्वतःच्या घरात नाहीतर गावच्या खानावळीतल्या खोलीत ठेवायचं, आणि राखणीला दोन माणसं बसवायची. त्या राखणदारांचा रोज आणि खाणंपिणं शेवटी पॅरिशच्याच माथी. एकदाची दगडी खोली बांधली की हा खर्च कायमचा मिटला.

या हिशेबात एक गोष्ट सहज निसटून जाते. राखणदार गेला म्हणजे कैद्याजवळचं माणूसही गेलं. पूर्वी निदान कुणीतरी शेजारी बसलेलं असे. तहान लागली तर त्याला हाक मारता येई, दुखलंखुपलं तर सांगता येई. आता भिंत राखण करू लागली, आणि भिंतीला ऐकू येत नाही. विल्टशरकडे या इमारतींना ‘आंधळं घर’ म्हणत, कारण त्यांना खिडकी नसे. थंडीच्या रात्री सात फुटांच्या त्या दगडी पोकळीत दारूची धुंदी उतरलेल्या माणसाचं काय होत असेल, याची नोंद ठेवायला तिथे कुणीच नव्हतं. कैद्याचे मित्र झरोक्यातून मातीच्या चिलमीची नळी आत सारून त्याला बिअर पाजत, अशी आठवण कित्येक गावांत सांगतात. ऐकणारा हसतो. मला त्यात आधी हे दिसतं की तहानलेल्या माणसाला पाणी देणं हे कुणाचंच अधिकृत काम नव्हतं.

आता या वास्तूंच्या घडणीकडे वळतो, कारण खरं सांगायचं तर तिथेच मी सर्वांत जास्त रेंगाळतो. त्या बांधल्या गावच्याच गवंड्यांनी. कुणा नामांकित वास्तुविशारदाचा नकाशा त्यामागे नसे. गोल आकार का? गोल भिंतीला कोपरे नसतात. कोपऱ्यासाठी लागणारे घडीव चिरे वाचतात, ओबडधोबड दगडावर भागतं, आणि आतल्या माणसाला पहार घालायला फट सापडत नाही. छप्पर दगडाचं का? गवताचं असेल तर जाळता येतं, कौलारू असेल तर उचकटता येतं. मग दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवत नेऊन घुमट किंवा शंकू साधायचा. दार ओकच्या जाड फळ्यांचं, बाहेरच्या अंगाला लोखंडी खिळ्यांच्या रांगा, उंची बेताची, म्हणजे आत शिरणाऱ्याला मान वाकवावीच लागते. मान वाकवायला लावणं हा हेतू होता की दगड वाचवणं, हे ठरवणं अवघड आहे. परिणाम मात्र एकच.

ऑक्सफर्डजवळच्या व्हीटली गावातली कोठडी पाहण्यासारखी आहे. ती १८३४ सालची. सहा बाजूंचा दगडी पिरॅमिड, आणि टोकाला एक दगडी गोळा. भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. सहाही बाजू जमिनीपासूनच आत कलत जातात. हे गाव चुनखडीच्या खाणींचं. दगड हाताशी होता आणि त्याला आकार देणारे हातही गावातच होते. बेडफर्डशरमधल्या हॅरोल्डची कोठडी १८२४ सालची, गोल, वर दगडी शंकू. डर्बीशरमधल्या टिकनॉलला विटांची अष्टकोनी कोठडी आहे आणि तिचं छप्पर कळसासारखं वर निमुळतं होत जातं. एसेक्सकडे दगड दुर्मीळ, म्हणून टॉल्सबरीला चर्चच्या आवाराशी चक्क लाकडी फळ्यांचं खोपट. ज्या गावात जो माल मुबलक, त्याची कोठडी. आपल्याकडे कोकणात जांभा आणि देशावर काळा दगड, तसंच हे.

जागेची निवडही अशीच बोलकी आहे. सरेमधल्या लिंगफील्डला पंधराव्या शतकातला एक दगडी क्रूस होता. १७७३ साली त्यालाच लगटून कोठडी बांधली. हर्टफर्डशरमधल्या ॲन्स्टीला तर चर्चच्या फाटकातच, जिथे अंत्यविधीआधी शवपेटी क्षणभर टेकवायची त्या मंडपाचा एक खण बंद करून कोठडी केली. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनमध्ये ती नदीवरच्या पुलावर आहे. तिच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा मासा बसवलेला, म्हणून आत गेलेल्याबद्दल गावकरी म्हणत की तो ‘माशाखाली आणि पाण्यावर’ आहे. चर्च, बाजार, पूल, पाणवठा: जिथून प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी जावंच लागतं, अशीच जागा धरलेली. हर्टफर्डशरमधल्याच शेनलीच्या गोल कोठडीवर उपदेश कोरलेला आहे: शुद्धीत राहा, सावध राहा, सचोटीने वागा आणि निर्भय असा. आत बसलेल्याला तो वाचता येत नाही. तो बाहेरून जाणाऱ्यांसाठी आहे.

एका रात्रीपुरत्या दारुड्याला ठेवायला घुमट, कळस, दगडी गोळा हे सगळं लागतं कशाला? चार भिंती पुरल्या असत्या. माझ्या मते ही शोभा बाहेरच्यांसाठी होती. लहानशा पॅरिशकडे न्यायालय नव्हतं, तुरुंग नव्हता, पोलीस नव्हते. सत्तेचं म्हणून जे काही दृश्य रूप गावाला परवडणार होतं ते एवढंच, म्हणून ते देखणं करून चौकात उभं केलं. बाहेर कारागिरी आणि आत मिट्ट काळोख, हे या वास्तूचं खरं रूप आहे. यातली एकच बाजू जपली तर जतन अर्धवट राहतं.

आणि नेमकं तसंच झालं आहे. लंडनला १८२९ साली पगारी पोलीस दल आलं, १८३९ च्या कायद्याने काउंट्यांना तसं दल उभारायची मुभा मिळाली आणि १८५६ च्या कायद्याने ते सक्तीचं झालं. पोलीस ठाणी आली, ठाण्यांत कोठड्या आल्या, आणि गावातल्या या खोल्यांत फावडी, जळण, बागकामाचं सामान जाऊन पडलं. काही टिकून राहिल्या. लिंगफील्डच्या कोठडीत शेवटचा कैदी, एक चोरटा शिकारी, १८८२ साली ठेवला गेला. योगायोग असा की प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा ब्रिटनचा पहिला कायदाही त्याच वर्षीचा. अर्थात त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे स्टोनहेंजसारखी प्रागैतिहासिक स्थळं होती, गावची कोठडी नव्हती. तिला संरक्षण मिळायला १९४७ च्या नगररचना कायद्यातून इमारतींची सूची सुरू व्हावी लागली. त्या सूचीचं मला मनापासून कौतुक वाटतं. राजवाडे आणि कॅथीड्रल यांच्या जोडीला तिने पाणपोई, पूल, मैलाचे दगड, कबुतरखाने आणि कोठड्याही घेतल्या. सूचीतल्या इमारतीला परवानगीशिवाय हात लावणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

पण टिकवल्यानंतर काय केलं? लिव्हरपूलमधल्या एव्हर्टनची कोठडी १७८७ सालची. १९३८ पासून ती एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर आहे. जगभरचे लाखो चाहते, त्यात आपल्याकडची मुलंही आली, ती छातीवर मिरवतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे की तो मनोरा म्हणजे माणसं कोंडायची खोली आहे? कॅसल कॅरीच्या घुमटावरून ब्रिटिश पोलिसांच्या शिरस्त्राणाचा आकार सुचला अशी दंतकथा हौसेने सांगितली जाते. काही गावांत जत्रेच्या दिवशी पाहुण्यांना गंमत म्हणून आत कोंडतात, फोटो काढतात, सोडून देतात. गावाला त्यातून चार पैसे मिळतात आणि इमारतीची डागडुजी होते, हे मान्य. तरीही मला हे पटत नाही. जिथे एखादा बेघर माणूस केवळ बेघर असल्याबद्दल रात्र काढत होता, तिथे हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढायला लावणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा नाहीसं करणं आहे. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्याने उघड्यावर झोपणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा ठरवला होता. कोठडीच्या भिंतीवरच्या फलकावर बांधकामाचं साल असतं, घुमटाचा उल्लेख असतो. हा कायदा क्वचितच असतो.

आता आपल्या घराकडे. मुंबई इलाख्यात १८६७ साली ग्राम पोलीस कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमाखाली पोलीस पाटलाला किरकोळ गुन्ह्यासाठी माणसाला चोवीस तास कोंडून ठेवता येई. पंधराव्या कलमाखाली ज्यांना जादा अधिकार मिळाले होते, ते पाटील पाच रुपयांपर्यंत दंड आणि अठ्ठेचाळीस तासांपर्यंत कैद देऊ शकत. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत अशा पाटलांच्या संख्या जिल्ह्यागणिक दिलेल्या आहेत. म्हणजे कैदेची शिक्षा देणारा माणूस गावातच राहत होता, आणि कोंडायची जागाही गावातच होती. इंग्रज खेड्यासारखी वेगळी दगडी इमारत आपल्याकडे सहसा बांधली गेली नाही. चावडीनेच ते काम केलं. ज्यांनी जुनी चावडी पाहिली आहे त्यांना ती आठवेल: पुढे दगडी ओटा, सागवानी खांब, वर कौलं, ओट्यावर पाटील-कुलकर्ण्यांची बैठक. आणि मागच्या अंगाला एखादी बिनखिडकीची खोली, जिच्या दाराला कडी बाहेरून. पुढे त्याच खोलीत रॉकेलचे डबे, निवडणुकीच्या पेट्या, जुनी दप्तरं पडून राहिली.

या चावड्यांचं आपण काय केलं? नवं ग्रामपंचायत कार्यालय मंजूर झालं की जुनी चावडी पाडायची, हाच बहुतेक ठिकाणचा रिवाज. पाडण्याआधी कुणी फीत धरून मोजमाप घेत नाही, फोटो काढत नाही, खांबांवर किंवा उंबऱ्यावर काही कोरलेलं आहे का ते बघत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी वास्तू संरक्षणाला पात्र ठरू शकते, पण महाराष्ट्रातली संरक्षित स्मारकं पाहिली तर तिथे लेणी, किल्ले, देवळं यांचीच गर्दी. ती हवीतच. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली करून शहरातल्या इमारतींना थोडा आधार दिला. खेड्यातल्या सार्वजनिक इमारतींपर्यंत तो विचार पोचला नाही.

कोठड्या आपण जपल्या नाहीत असं मात्र नाही. अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू आणि त्यांचे सहकारी जिथे स्थानबद्ध होते त्या खोल्या जपल्या आहेत. पुण्याचा आगाखान पॅलेस जपला आहे. अंदमानचं सेल्युलर जेल जपलं आहे. तिथे गेलं की ऊर भरून येतो आणि तो यावाच. पण या सगळ्या जागा थोरांच्या बंदिवासामुळे जपल्या गेल्या. शिवीगाळ केली म्हणून एक दिवस चावडीत कोंडलेला कुणी शेतमजूर, संशयावरून पकडलेला पारधी, यांची जागा जपण्याचं कारण आपल्याला अजून सुचलेलं नाही. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि १९५२ पर्यंत ज्यांच्या माथ्यावर तो शिक्का राहिला, त्यांच्या लेखी पोलीस पाटलाची चावडी ही रोजची गोष्ट होती. सोलापूरच्या सेटलमेंटचं, म्हणजे अशा जमातींना ठेवायच्या वसाहतीचं, तारेचं कुंपण अनेकांच्या आजी-आजोबांनी आतून पाहिलेलं आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ज्यांच्या पूर्वजांना चावडीच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, ज्यांनी पायरीखाली उभं राहून वेठीचे हुकूम ऐकले, त्यांनी ही इमारत जपायला हातभार का लावावा? वेसकर म्हणून रात्रंदिवस राबलेल्या महार घराण्यांना चावडी म्हणजे गावाचं वैभव वाटावी ही अपेक्षाच चुकीची आहे. पडू दे ती, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढंच विचारीन की ती पडल्यावर काय उरतं. उरतात ते पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे, ज्यांची आता हॉटेलं होतात, ज्यांच्यासमोर लग्नाआधीचे फोटो निघतात. ओटा गेला की ओट्याखाली उभं राहिल्याचा पुरावाही जातो. मग कुणीही म्हणू शकतो की आमच्या गावात असं काही नव्हतंच. तसं म्हणणारे आजही कमी नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. शाळेला पत्रे नाहीत, तिथे पडक्या चावडीवर खर्च कशाला? प्रत्येक चावडी जपा असं मी म्हणत नाही, आणि शाळेचा पैसा इकडे वळवा असंही नाही. कित्येक इमारती जपण्याजोग्या राहिलेल्याच नाहीत. पण नोंद करायला असा कितीसा खर्च येतो? एक फीत, एक मोबाइल, जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयातले चार विद्यार्थी आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी दोन दुपारच्या गप्पा. ती माणसं जात चालली आहेत, इमारतींपेक्षा वेगाने.

हा सगळा उद्योग केवळ भूतकाळासाठी आहे असं वाटत असेल तर आजच्या पोलीस कोठडीकडे पाहा. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं बंधनकारक केलं, प्रवासाचा वेळ वगळून. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी पाळायचे नियम घालून दिले. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाला प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश द्यावा लागला. कारण तोच, जो इंग्लंडमधल्या त्या गोल खोलीत होता: आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. गावची कोठडी निदान चौकात होती. आत कोण गेलं, कधी बाहेर आलं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत होतं. त्यात धिंडवडे होते, अपमान होता, हे खरं. पण माणूस गावाच्या नजरेसमोरून आत जात होता. पुढे कोठडी ठाण्याच्या मागच्या बाजूला गेली आणि तेवढी नजरही उरली नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला अटकेचं कलम शिकवताना अशा एखाद्या जुन्या खोलीत पाच मिनिटं दार लावून उभं केलं, तर चोवीस तास म्हणजे काय हे त्याला कुठल्याही भाष्यापेक्षा लवकर कळेल. त्यासाठी ती खोली काळोखी राहायला हवी. तिथे रंगीत दिवे आणि कोंडलेल्या माणसाचा मेणाचा पुतळा नको.

म्हणून जिथे जुनी चावडी अजून उभी आहे तिथे पुढचा ओटा आणि बैठकीची जागा खुशाल वापरात आणावी. वाचनालय करा, बचत गटाला द्या, सातबाराचं चावडी वाचन तिथेच करा. वापरात असलेली इमारत टिकते. मागची खोली मात्र आहे तशी ठेवावी, कडीसकट. फलक लावायचाच तर त्यावर १८६७ चा कायदा लिहावा, चोवीस तास लिहावेत, आणि बाकी मजकूर काय असावा हे गावातल्या ज्या घरांतली माणसं त्या खोलीत गेली त्या घरांना विचारून ग्रामसभेत ठरवावं. आणि जिथे पाडायचंच ठरलं असेल, तिथे पाडकामाच्या अंदाजपत्रकातच मोजमाप, नकाशा आणि फोटोंचा खर्च धरावा, आणि ते कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात जमा झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नये.